पाचवं बोट

मी खेळाला बोटं देते, पाचपैकी. गेल्या एप्रिलपर्यंत मी कुठल्याच खेळाला तीनच्या वर गेले नव्हते, आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही. खेळ वाईट असेल तर मी काय करू?

मी लाडकी, राहणार रानशेत. पाड्यावरच्या शाळेत एकशे बारा पोरांची खिचडी शिजवते. दुपारी भांडी घासून उन्हात घातली की ती वाळेपर्यंत तासभर थांबावं लागतं, कारण कोठीचं कुलूप माझ्याकडे असतं. तेवढा तास मी मोबाईलवर खेळते. मोबाईल माझ्या मुलीचा, शितलचा जुना. त्याची डाव्या कोपऱ्यातली काच फुटली आहे आणि तिथे बोट लागत नाही, म्हणून ज्या खेळात डावीकडे वळायचं असतं त्यात मी हमखास मरते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर कुणी म्हणेल, बाईला खेळता येत नाही म्हणून नावं ठेवते.

पहिला खेळ पळण्याचा होता. एक पोरगा रुळांवरून धावतो आणि मागे पोलीस. त्याने काय केलंय ते कुणी सांगत नाही. मी त्याला दोन महिने पळवला, तो कुठेही पोचला नाही. दोन बोटं. मग बंदुकीचा खेळ. छत्रीने बेटावर उतरायचं आणि दिसेल त्या घरात शिरून सामान उचलायचं. सगळी घरं उघडी, एकाही घरात चूल नाही. मी सगळी घरं हिंडले, राहणारी माणसं गेली कुठे ते बघायला, तेवढ्यात कुणीतरी मला गोळी घातली. तरी त्यात गवत फार छान हलतं, म्हणून तीन. फळं फोडायच्या खेळात टरबूज आहे, स्ट्रॉबेरी आहे, चिकू नाही. अख्खं डहाणू हा खेळ खेळतं आणि कुणाला खटकत नाही. स्वयंपाकाच्या खेळाचं तर नावच काढू नका. त्यातलं गिऱ्हाईक नऊ सेकंदांत चिडतं. नऊ सेकंदांत माझं तांदळातले खडे बघूनसुद्धा होत नाही. त्याला एक बोट दिलं, तेही करंगळी.

या बोलण्याची शितलला गंमत वाटायची. ती डहाणूच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती, शेवटच्या वर्षाला. एकदा तिने माझं बोलणं गुपचूप रेकॉर्ड करून वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. तेव्हापासून तिच्या वर्गातली पोरं एकमेकांना विचारायला लागली, मावशीने किती बोटं दिली. मला राग आला, पण खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

मग ते अंगाशी आलं.

शेवटच्या परीक्षेला प्रत्येक गटाने एक खेळ बनवायचा होता. पुण्याच्या एका कंपनीची माणसं तो बघायला येणार होती, आणि ज्या गटाचा खेळ आवडेल त्यातल्या पोरांना सहा महिने पुण्याला ठेवून काम शिकवणार होती. शितलला तिथे जायचंच होतं. नाही जमलं तर पुढे काय होतं हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी भाची चंद्रिका पण शिकलेली आहे, आज ती कंपनीत बारा तास उभी राहून पुठ्ठ्याचे खोके चिकटवते. पुण्याच्या लोकांची एक अट होती. प्रत्येक गटाने खेळ कधी न बघितलेलं घरचं एक माणूस आणायचं, त्याने सगळ्यांसमोर खेळायचं आणि काय वाटलं ते सांगायचं. सर म्हणाले, शितल, तुझ्या गटाचा प्रश्नच नाही.

आदल्या संध्याकाळी मी अंगणात शेणाची टोपली धूत होते. आमचा राब नुकताच रचून झाला होता. भाताचं बी जिथे पेरायचं त्या तुकड्यावर आम्ही शेण पसरतो, त्यावर झाडांचे तोडलेले टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि सगळ्यात वर बारीक माती, आणि मग ते जाळतो. त्यालाच राब म्हणतात. दोन दिवसांत पेटवायचा होता. शितल माझ्याजवळ येऊन बसली.

"आये, उद्या चार बोटं दाखवशील?"

"खेळ बघितला नाय अजून."

"खोटं बोल असं नाय सांगत. पण तू तोंडावर बोलतेस ना, ती लोकं पुण्याची हायेत. माझं जायचं राहील."

"बघीन," मी म्हटलं. त्या रात्री मी मनाशी पक्कं केलं होतं, की खेळ कसाही असो, चार बोटं वर करायची आणि गप्प बसायचं. एका पोरीसाठी एवढं करता येत नाही का आईला?

कॉलेजचा हॉल भरलेला होता. पुण्याहून आलेल्या बाईंचं नाव कविता मॅडम, त्यांच्याबरोबर एक टक्कल पडलेले सर. शितलच्या गटाचा म्होरक्या नविन, डहाणू गावातला, चपळ आणि गोड बोलणारा. खेळाचं नाव त्यानेच ठेवलं होतं, 'सोनेरी शेत'. माझ्या हातात मोबाईलसारखीच पण मोठी पाटी दिली, तिची काच चारी कोपऱ्यांत शाबूत होती, आणि आम्ही काय करतो ते सगळ्यांना दिसावं म्हणून तेच चित्र भिंतीवर मोठं केलं होतं.

खेळ उघडला आणि मी खुश झाले. भाताची खाचरं होती, बांध होते, बैल होता, मागे डोंगर. वर महिना लिहिला होता, एप्रिल. सामानात बी होतं, बादली होती, कोयता होता आणि एक मशाल. मी मनात म्हटलं, वा, पोरांनी सगळं दिलंय. कोयत्याने झाडाचे टहाळ तोडले. बैलामागून शेण उचललं, पसरलं. टहाळ, पाला, माती, सगळं बोटाने ओढून नीट रचलं. झाडाची पानं कुठे हलतात ते बघितलं. वारा डावीकडून येत होता, म्हणून मी मशाल घेऊन उजव्या टोकाला गेले आणि पेटवला.

पाटी लाल झाली. बैल रडायला लागला. मोठ्या अक्षरांत आलं, 'तुमचे शेत जळाले. खेळ संपला.'

हॉल हसला. नविन वाकून म्हणाला, "मावशी, मशाल रानडुकरं हाकलायला आहे. शेताला नाही लावायची."

मला वाटलं, माझंच चुकलं असेल, वारा उलटा वाचला असेल. पुन्हा पहिल्यापासून सगळं रचलं आणि डाव्या टोकाने पेटवून बघितलं. पुन्हा लाल, पुन्हा बैल रडला. आता मागच्या बाकांवरची पोरं पोट धरून हसत होती. शितल भिंतीला टेकून स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

कविता मॅडमनी हसू आवरून विचारलं, "मावशी, तुमच्याबद्दल ऐकलंय आम्ही. किती बोटं?"

मी चार बोटं वर करायला हात उचलला. खरंच उचलला. पण भिंतीवर तो बैल अजून रडत होता, आणि माझ्या हाताने ऐकलं नाही. वर एकच बोट आलं.

"का?"

"राब लावला तर शेत जळत नसतं," मी म्हटलं. "कचऱ्याचं, म्हणजे तणाचं बी जळतं. माती भुसभुशीत होते, रोप जोमाने येतं आणि लावणीला उपटताना मुळासकट अलगद निघतं. माझ्या आईने तेच केलं, तिच्या आईने तेच केलं. कृषीवाले सांगतात जाळू नका, धूर होतो, ते बोलू देत, त्यांच्याशी आम्ही भांडतो पण आणि ऐकतो पण. पण शेत मेलं, खेळ संपला, असं खोटं कशाला शिकवता? माझं शेत घरी हाये. दर साली जाळते, दर साली पिकतं."

पुण्याची दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मला कळलं, मी पोरीचं पुणं घालवलं. आणि ते कळल्यावर मला रडू यायच्या ऐवजी रागच आला. मी शितलकडे वळले.

"या पोरांचं सोड, ही गावातली हायेत. तुला ठाऊक नव्हतं? आठ वर्षांची होतीस तेव्हापासून डोक्यावर टहाळ वाहतेस."

मॅडमनी चष्मा काढला. "शितल, तुला माहीत होतं?"

शितलने चपलांवरची नजर वर केली. मग म्हणाली, "हो मॅडम. पहिल्यांदा मी राब टाकला होता खेळात. सगळे म्हणाले, आग लावणं मागासलेलं दिसेल, पुण्याचे लोक नावं ठेवतील. मी काढून टाकला." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "मला लाज वाटली. आपण असं करतो याची."

माझा राग तिथल्या तिथे उतरला. एवढं खरं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

टक्कलवाले सर घड्याळ बघून म्हणाले, "काढून टाकलेलं अजून ठेवलंय का कुठे?"

"हाये," शितल म्हणाली.

"निकाल चार वाजता आहे. आता साडेबारा."

त्या दिवशी जेवायला आमच्यातलं कुणी गेलं नाही. शितल कॉम्प्युटरवर अशी बसली, जशी मी शंभर पोरं रांगेत उभी असताना चुलीपुढे बसते. नविन पाच मिनिटं तोंड फुगवून उभा होता. मग वही घेऊन माझ्यासमोर खाली बसला. "मावशी, राख कुठल्या रंगाची? मातीचा थर किती? तुम्ही उजवीकडून का पेटवला?"

"वारा जिकडून येतो तिकडून पेटवला तर आग धावत सुटते. वरचा पाला जळतो, खालचा कचरा तसाच राहतो. उलट्या टोकाने पेटवला की वाऱ्याविरुद्ध सावकाश, बसून जळतो."

"म्हणजे तुम्ही पहिल्यांदा बरोबर खेळलात."

"मी दर वेळी बरोबरच खेळते. तुमच्या काचा फुटक्या असतात."

तो हसला आणि लिहीत राहिला. पोरगा वाईट नव्हता, त्याला फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

पावणेचारला पाटी पुन्हा माझ्या हातात आली. शितलचे डोळे लाल झाले होते आणि तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. मी टहाळ तोडले, शेण पसरलं, पाला टाकला, माती टाकली. पानं बघितली. यावेळी त्यांनी वारा उजवीकडून सोडला होता, माझी परीक्षा घ्यायला. मी डाव्या टोकाला गेले आणि मशाल लावली.

आग बसून राहिली. आधी नुसता धूर, मग लाल कड, आणि ती कड मुंगीच्या चालीने वाऱ्याच्या तोंडावर सरकत गेली. तुकडा काळा झाला, मग राखाडी. मी बी फेकलं. जून आला, पाऊस पडला, आणि त्या राखेतून रोप असं दाट, हिरवंगार वर आलं, की मी पाटीवर हात फिरवला. शेजारचा तुकडा त्यांनी मुद्दाम तसाच ठेवला होता. त्यात रोपापेक्षा गवत उंच.

मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. सकाळी पोट धरून हसणारी तीच पोरं.

टक्कलवाल्या सरांना राहवलं नाही. "मला द्या बघू," म्हणाले, आणि सरळ वाऱ्याच्या तोंडाकडून पेटवला. आग धावत गेली, त्यांच्या वाफ्यात सगळा कचरा उगवला. मी म्हटलं, "सर, पानं बघायची होती ना आधी." आता हॉल पुन्हा हसला, पण यावेळी माझ्या बाजूने. सर स्वतःच सगळ्यांत जास्त हसत होते, आणि लगेच दुसऱ्यांदा खेळायला बसले. खेळ चांगला असल्याची यापेक्षा मोठी खूण मला माहीत नाही.

चार वाजता कविता मॅडमनी नावं वाचली. पहिलं नाव शितलच्या गटाचं होतं. जूनपासून पुणे. नविनने दोन्ही हात वर केले. शितल धावत माझ्याकडे आली आणि सगळ्यांसमोर मला घट्ट धरलं. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, त्याच डोक्यावर तिने टहाळ वाहिले होते. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"मावशी," मॅडम म्हणाल्या, "आता किती?"

मी डोळे पुसले, पाटीकडे एकदा नीट बघितलं आणि चार बोटं वर केली. मागून पोरं ओरडली, चार, मावशीने चार दिली.

"पाचवं कुठे गेलं?" मॅडमनी विचारलं.

"धूर डोळ्यांत जात नाय," मी म्हटलं. "राब लावला की डोळे चुरचुरले पाहिजेत."

शितल माझ्या खांद्यावरून मान वर करून हसली. दुसऱ्या दिवशी आम्ही घरचा राब पेटवला. तिने वारा बघितला, तिनेच काडी लावली, आणि धुरात डोळे चोळत उभी राहिली.

"आये," ती म्हणाली, "पाचवं बोट मी पुण्याहून घेऊन येते."

"बघीन," मी म्हटलं.