घट्ट धर

सिरिंजला सुई नव्हती, तरी चिन्मयी ती खिडकीच्या उजेडात धरून नखाने टिचक्या मारत होती, एक डोळा बारीक करून, आतली हवा काढल्यासारखी... आणि यतीनला वाटलं, पाच वर्षांच्या पोरीला हे इतकं बिनचूक येऊ नये. सायकल येत नाही अजून हिला.

टीपॉयवरच्या लॅपटॉपमधून ब्रॉनविन, आजारी मुलांना खेळातून सावरणारी थेरपिस्ट, बघत होती. लॉकडाऊनमुळे हॉस्पिटलमधली तिची खेळायची खोली बंद, म्हणून तिने बाहुली, पट्ट्या, सिरिंजा असा सगळा डॉक्टरी पसारा पोस्टाने पॉइंट कुकला त्यांच्या घरी धाडला होता आणि दर आठवड्याला ती आई, बाबा, पोर या तिघांना समोर बसवून खेळायला लावायची. कारण कॅन्सर रक्तातून गेला होता, डॉक्टर खूश होते, डोक्यावर केसही उगवले होते — आणि चिन्मयी आईला अंगाला हात लावू देत नव्हती. परवा तिने वरणभाताची ताटली आईच्या, मीनाक्षीच्या तोंडावर फेकली. मीनाक्षीच्या दंडावर दातांचे वळ होते, काही ताजे, काही हिरवे पडलेले. झोपायला मात्र बाबाच हवा, त्याचा टीशर्ट मुठीत धरून. आणि यतीनला ते आवडत होतं... हे त्याने ब्रॉनविनला सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही.

उपचारांच्या वेळी कोविडमुळे पोरीबरोबर आत एकालाच सोडायचे. मीनाक्षी जायची, तो खाली पार्किंगमध्ये, गाडीत, मांडीवर डबा घेऊन. "मला नाही बघवणार," असं तो नियम येण्याआधीच म्हणाला होता, मग नियम आला आणि त्याची लाज राखली गेली. मोठा हळवा माणूस! एकदा तर या हळव्या माणसाने बायकोला विचारलं होतं — सुया टोचताना तिला असं दाबून धरायला तुझे हात धजावतात कसे? मीनाक्षी दुधाचं पातेलं घासत होती. तिने नळ मोठा केला, बस्स.

"आज आई इज द पेशंट," चिन्मयीने फर्मावलं. "बाबा, यू होल्ड हर."

कोणीही 'स्टॉप' म्हटलं की थांबायचं, एवढं ब्रॉनविनने बजावलं. मीनाक्षी गालिच्यावर आडवी झाली. यतीनने तिची मनगटं धरली, हलकेच.

"नॉट लाइक दॅट!" चिन्मयी खेकसली. तिने त्याचा गुडघा ढकलत मीनाक्षीच्या दोन्ही पायांवर आणला, एक हात छातीवर आडवा टाकायला लावला, दुसरा कपाळावर. "टर्न हर फेस. सो शी कान्ट सी. घट्ट, बाबा!"

म्हणजे हे असं असायचं. असा पाय, असा हात, असा चेहरा फिरवायचा... आणि मी खाली डबा उघडून पोळी खात होतो.

"नाऊ स्क्रीम, आई. स्क्रीम 'बाबा'."

मीनाक्षीने डोळे मिटले. मग ओरडली. "बाबा! बाबा!"

हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पोर माझ्या नावाने टाहो फोडायची आणि ही बाई घरी येऊन नुसतं 'झालं नीट' म्हणायची... त्याचा हात दाबला गेला. मीनाक्षी आता खरंच सुटू बघत होती, तिच्या खांद्याचं हाड त्याच्या तळव्याखाली सरकत होतं, आणि त्याला राग आला, आंधळा — ही तिथे होती, मी नव्हतो, ही सगळं पाहून बसली आहे — मोडावं काहीतरी. बरं वाटत होतं दाबायला. हेच तर त्याला पुढे आठवणार होतं, की बरं वाटत होतं.

"स्टॉप," मीनाक्षी म्हणाली. "यतीन, हात काढ."

त्याला ऐकू आलं. त्याने लगेच काढला नाही.

मग गालावर गुद्दा बसला, डोळ्याखाली नख ओरबाडत गेलं, मनगटात दात रुतले. "यू आर हर्टिंग हर! गेट ऑफ माय आई!" तो मागे कोलमडला. चिन्मयी मीनाक्षीच्या अंगावर पालथी पडली, जमेल तेवढं आईला झाकत. मीनाक्षीचे हात आधी हवेतच राहिले, लावू की नको अशा धास्तीने, मग हळूच पोरीच्या पाठीवर टेकले. चिन्मयीने ते झटकले नाहीत. मीनाक्षी रडायला लागली.

"यू ऑल राइट, यतीन?" ब्रॉनविन विचारत होती. "यतीन?"

याचसाठी तर सगळा आटापिटा होता. मला आनंद झालाय, त्याने स्वतःला सांगून पाहिलं. मला आनंद झालाय. पण आईच्या खांद्यावरून चिन्मयी त्याच्याकडे बघत होती, आजवर जी नजर मीनाक्षीसाठी राखलेली होती त्या नजरेने, आणि त्याच्या मनात एकच होतं — तिला तिथून ओढून काढावं, परत आपल्याकडे घ्यावं, कितीही ओरडली तरी... आणि कसं धरायचं, पाय कुठे टाकायचा, चेहरा कसा फिरवायचा, हे आता त्याला येत होतं.