पोत्यांची खोली

पेडगाव रस्त्यावरच्या डाळमिलमध्ये मनकर्णा डाळ निवडायला बसली, की हात सुपात असायचे आणि जीव राणीसावरगावात. तिची तीन वर्षांची सृष्टी तिथं आजीजवळ, छबूबाईजवळ होती. नवरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेला. मिलमध्ये लेकरं आणायला मनाई, म्हणून पोरीला आईकडं ठेवण्यावाचून इलाज नव्हता.

मिलचे मॅनेजर भुजंगराव कडक, पण वाईट माणूस नव्हे. बाया टिकत नव्हत्या, न सांगता गावी जायच्या, याचा त्यांना लय ताप. महिनाभर खाडा न करणाऱ्या बाईला साडी देऊ, असं त्यांनी जाहीर केलं. तरी खाडे व्हायचे ते झालेच.

एकदा मनकर्णाही अशीच गेली. परत आल्यावर त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं.

“कुठं होतीस?”

“गावाकडं. पोरीला ताप आलता.”

“सांगून जायचं की! साडी हुकली तुझी. काय कमी हाय तुला हितं?”

“साडीचं काय करू, सायेब?” ती म्हणाली. “माझी पोरगी मला मावशी म्हणायलीय.”

दुपारी भुजंगराव बायांच्या शेडमध्ये गेले, एका पोत्यावर टेकले आणि म्हणाले, “मला सांगा, तुमाला काय पायजे?”

सगळ्यांत वयस्क गीताबाई म्हणाली, “सायेब, आमी पाणी प्यायचं सोडलंय. पाणी पिलं की आडोसा हुडकत फिरावं लागतंय.”

ऑफिसमागं संडास होता, त्याला कुलूप असायचं आणि चावी भुजंगरावांच्याच खिशात. ते मान खाली घालून उठले.

मालकाशी त्यांनी आठवडाभर वाद घातला. शेवटी शेडमागं बायांसाठी संडास बांधला गेला. लेकरं आणायची मनाई उठली; रिकाम्या पोत्यांची खोली झाडून, सारवून घेतली, आढ्याला त्यांच्यासाठी झोळ्या टांगल्या. गीताबाईची नजर अधू होत चालली होती. तिला डाळीवरून उठवून त्याच पगारावर लेकरांजवळ बसवलं.

मनकर्णा सृष्टीला घेऊन आली. पहिल्या दिवशी भिंतीपलीकडून पोरीचं रडणं मशीनच्या आवाजातूनही ऐकू येत होतं. “आजी... आजी पायजे...”

भुजंगराव शेडच्या दारात थांबले. “ऊठ, जा तिच्याकडं. डाळ कुठं पळून जायली न्हाई.”

ती धावत गेली. सृष्टीनं तोंड फिरवलं. मनकर्णा तिला हात न लावता जवळच बसून राहिली. रडून रडून पोरीला डुलकी लागली, तेव्हा कुठं तिनं तिला मांडीवर घेतलं.

हळूहळू पोरगी तिच्या हातून भाकर खाऊ लागली. बायांचे खाडे कमी झाले; सुलाबाई तर काम सोडून गेलेली, तीही लेकराला काखेत घेऊन परतली. मिल नीट चालू लागली.

पण संध्याकाळी रस्त्यावरून एसटी गेली, की सृष्टी गेटापाशी पळायची.

“आजी आली?”

ती बस राणीसावरगावाकडून, गंगाखेडवरून येणारी नसायचीच. मनकर्णा पोरीला कडेवर उचलून घ्यायची आणि तिच्यासोबत वाट बघत उभी राहायची. तिकडं आईनं एकटीनं चूल पेटवली असेल, एकाच माणसापुरतं पीठ मळलं असेल.

“रविवारी जाऊ, बाई,” ती म्हणायची. “मलाबी तिची लय सय यायलीय.”