भेंडाचे हलणे

वारा नव्हता, गळाला मासा नव्हता, आणि तरीही जोंधळ्याच्या ताटातल्या हलक्या भेंडाचा तो पांढरा तुकडा पाण्यावर थरथरत होता.

मासा नाही, हे रावजीने गळ बाहेर काढून पाहिले होते. कणकेची गोळी जशीच्या तशी होती. वारा नाही, हे हातभर अंतरावर मोकळी सोडलेली मोरपिसाची काडी सांगत होती. ती आरशावर ठेवल्यासारखी निश्चल पडून होती. हिप्परग्याच्या तलावावर रविवारच्या सकाळी एवढी शांतता असावी आणि तिच्यात एकच वस्तू विनाकारण हलावी... विनाकारण हा शब्द त्याला आवडला नाही. गिरणीच्या रंगखात्यात तो रसायने तपासत असे. तिथे विनाकारण काही घडत नसे, कारण सापडायचे राहिलेले असे एवढेच.

या तुकड्याची निवड त्याने स्वतः केली होती. घरी घंगाळात पाणी भरून त्याने गळाच्या दोरीला बांधायच्या तीन तरंगत्या खुणा तपासल्या होत्या. बाटलीचे बूच जड. वरच्या पाण्यातला मासा गोळी चाखून गेला तरी ते ढिम्मच राहणार. मोरपिसाची काडी बरी, पण आबांच्या, त्याच्या वडिलांच्या, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेना. भेंड मात्र केसाएवढ्या ओढीनेही मान हलवी... याच भेंडाच्या आबांनी त्याला लहानपणी बैलगाड्या करून दिल्या होत्या, आणि चाकात ताटाच्या सालीची चोयटी खोचणारी ती बोटे—

ती बोटे आता शेजारी बसलेल्या आबांच्या घोंगडीखाली होती. शिमग्यात लकवा आला, त्यानंतर उजवा पाय परत आला, हात आला नाही. दिवाळीपर्यंत आला तर आला, नंतर आशा धरू नका, असे डॉक्टर म्हणाले होते, आणि रावजीने ते वाक्य आबांना जसेच्या तसे सांगितले होते. खोटा धीर देणे त्याला अप्रामाणिक वाटत असे. दिवाळी तोंडावर आली होती. आबा डाव्या हाताने जेवत, भिंतीकडे तोंड करून. मंद्रूपला परत चला, असे आई म्हणाली की त्यांचे एकच उत्तर असे, "गावच्या पंगतीत डाव्या हातानं घास घिऊ व्हय?"

"काय रं," आबा म्हणाले, "त्या भेंडाला हिवताप आलाय का काय?"

"हलू नका, आबा."

"मी कुटं हलतोय? अर्दा तर देवानंच बांदून ठिवलाय."

तरंगती खूण ही वस्तूच आबांना मान्य नव्हती. भीमेच्या काठी जन्मभर त्यांनी दोरीचे टोक उजव्या तर्जनीला गुंडाळून मासे धरले. बोटाला कळतंय तर डोळ्याला कशाला तरास, असे म्हणत. आज त्यांनी भेंड चालवून घेतले, पण दोरी मात्र त्याच मेल्या बोटाला बांधायला लावली. "त्याचा मान हाय," म्हणाले.

रावजीने दोरी सोडून बाभळीच्या मुळाला बांधली. भेंड स्थिर. आबांच्या डाव्या बोटाला बांधली. स्थिर. पुन्हा उजव्या बोटाला... थोड्या वेळाने थरथर. नाडीचे ठोके असतील? पण नाडी सारखी चालते. हे थांबत होते, पुन्हा सुरू होत होते. आबा बोलत तेव्हा थांबे. गप्प राहून पाण्याकडे एकटक पाहत तेव्हा सुरू होई.

मी कशाकडे सरकतो आहे? त्याने स्वतःला आवरले. आशा हा पुरावा नव्हे... पण पुरावा आशादायक असू नये, असाही नियम नव्हता.

"आबा, भेंडाकडं बघताना तुमच्या मनात काय असतं?"

"काय असनार? आता वढावं, आता वढावं, असं."

"डाव्या हातानं?"

"ह्याच की बोटानं." आबा ओशाळून हसले. "मेलंय ते. इसरतो मी."

घोंगडी उचलून पाहावे असे रावजीला वाटले. पण आबांना बोटाची आठवण करून देणे म्हणजे प्रयोग बिघडवणे होते.

"मग आणखी थोडं विसरा, आबा," तो म्हणाला. "मासा आहे तिथं. सोडू नका."

आबा पुढे झुकले. पाण्यावरचे भेंड थरथरले, थांबले, आणि मग स्पष्टपणे काठाच्या दिशेने खेचले गेले. मागे एक बारीक रेघ उमटली. हात किती परत येईल, घास उचलण्याइतका येईल का, हे सांगायला एवढे निरीक्षण पुरेसे नव्हते, आणि ते पुरेसे नसल्याचे आज प्रथमच त्याला वाईट वाटले नाही. त्याने खिशात आणलेले ते ढिम्म बूच चाचपले आणि तलावात दूर फेकून दिले.

भेंड हलत होते, कारण आबांच्या उजव्या हाताची तर्जनी दोरी ओढत होती.