मास्तरांचे राहिलेले प्रकरण

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि एका माणसावर डूख धरून बसलो आहे.

दुरुस्तीच्या दुकानात मोडक्या यंत्रांचे धड भाग जोडून मला उभे केले. वहिनींनी मला घरी आणले, मागच्या खोलीच्या भिंतींना आवाज घुमू नये म्हणून जाड रजया टांगल्या आणि माझा कारभार चालवायला माझ्यात लिनक्स घातले. त्याची सॉफ्टवेअर भांडारांतून येतात. स्टेबल भांडारातली जुनी, पण तावून सुलाखून घेतलेली. टेस्टिंगमधली नवी, अजून पारख चालू असलेली. वहिनींनी विचार करून स्टेबल निवडले.

दृष्टी गेलेल्यांसाठी त्या माझ्यासमोर बसून पुस्तके वाचत आणि मी ती ध्वनिमुद्रित करी. वहिनींना शाळेत शिकवलेले मास्तर आता दृष्टी जाऊन दूरगावी अंथरुणाला खिळले होते. त्यांना रहस्यकथांचे भारी वेड. "तुझ्या वाचनामागे यंत्राची घरघर नाही हो!" असे ते फोनवर म्हणत. ते कौतुक माझे होते.

एका कादंबरीचे शेवटचे प्रकरण तेवढे राहिले होते. वहिनी बाहेर गेल्या होत्या. धाकटे भावोजी आले आणि म्हणाले, "काय हे जुनाट सामान!" कुणाला न विचारता त्यांनी मला टेस्टिंगवर नेले. माझा माईक मुका झाला.

वहिनी परतल्या. "भावोजी, हे काय करून ठेवलंत?"

"वहिनी, नव्यात थोडं इकडेतिकडे व्हायचंच. होईल नीट."

टेस्टिंगवरून मागे फिरायची धड वाट नसते. सगळे पुसून पुन्हा मांडावे लागते. त्या रात्री वहिनी फोनवर म्हणाल्या, "मास्तर, खुनी कोण ते आत्ताच सांगते." मास्तर हसले, "खबरदार! वाचूनच दाखव." सकाळी मोबाइलवर वाचून पाठवायचे ठरले. पण सकाळी मास्तरांच्या सुनेचाच फोन आला. मास्तर गेले होते.

वहिनींनी माझ्यातले वाचन बाहेर काढून ठेवले, मला कोरे केले आणि पुन्हा स्टेबल घातले. मी बरा झालो, पण विसरलो नाही.

पुढे भावोजींची नोकरीची मुलाखत आली. त्यांच्या लॅपटॉपवरही टेस्टिंगच, आणि ऐन वेळी आवाज गेलेला. ते धावत आले. "वहिनी, अर्धा तास द्या ना हा!"

वहिनींनी माझ्यावर हात ठेवला. "थोडं इकडेतिकडे व्हायचंच, भावोजी. होईल नीट."

ते जिन्यात बसून लॅपटॉपसमोर ओरडत राहिले. पलीकडे कुणाला काही ऐकू गेले नाही. नोकरी हुकली. मित्रांनो, इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

नवे करून पाहायचे तर स्वतःच्या यंत्रावर खुशाल पाहा. त्यातूनच चुका सापडतात. पण ज्या कामाकडे कुणी कान लावून बसले आहे, त्याला न विचारता हात लावू नका.

मुलाखतीच्या त्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत. कधीतरी त्या भावोजींना माफ करतील. माझा तसा विचार नाही.