बोडीकडे पाठ, सडकेकडे तोंड

पुढच्या वर्षीच्या मंडईत नाटक करायचा मान हर्षाताईलाच मिळाला. सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

हे वरचं तुम्ही वाचलेलं नाही. मी लिहिलेलंही नाही. अजून काहीच झालेलं नाही, नाटक पडण्याची पूर्ण शक्यता आहे आणि तुम्ही काळजीत आहात. तसेच राहा.

तर, दिवाळी झाली की आमच्या पवनी तालुक्यात गावोगावी मंडई भरते. आकाशपाळणा येतो, जिलेबी येते, लेकीजावई येतात आणि रात्री वडशाची नाटक कंपनी येते. कंपनीच्या नायकाला गोळी लागते, तो एक लांबलचक गाणं म्हणतो आणि मग मरतो. गाव रडतं आणि सकाळी धान कापायला जातं. पद्धत चांगली बसलेली होती.

यंदा या पद्धतीत हर्षाताई मध्ये पडली. ती नागपूरला नाटकाचं शिक्षण घेऊन आली होती. मंडई समितीपुढे उभी राहून म्हणाली, "एक साल मले द्या. गावातलेच लोक घेतो, गावातलंच नाटक करतो."

समितीचे अध्यक्ष केशवराव. त्यांना किराणा दुकान आणि अध्यक्षपद दोन्ही वडिलांकडून मिळालेली. ते बराच वेळ विचार केल्यासारखे दिसले आणि म्हणाले, "देतो बाप्पा. पन पडलं, तं पुढच्या साली कंपनी. मंग आमच्याकडे येजो नोको."

घरी तिच्या बाबांनी ही अट आणखी वाढवली. "पडलं तं भंडाऱ्याले मामाच्या मेडिकलात बसाचं. तिथं लोकायले खोकल्याचं औषध देता देता कर नाटक."

म्हणजे एकीकडे रंगभूमी आणि एकीकडे खोकल्याचं औषध. मधे आम्ही तिघं.

नाटकाचं नाव होतं 'दाराची वाटणी'. दोन जावा घर वाटून घेतात. भांडी वाटतात, शेळ्या वाटतात, मेलेल्या सासऱ्याचं धोतर मधोमध फाडून वाटतात. दार मात्र एकच. ते कोणाचं? थोरली जाऊ होती चंद्रकलाकाकू, अंगणवाडीच्या सेविका. धाकटी शालू, जी ब्यूटी पार्लर चालवते. आणि दार मी.

"नेपथ्य म्हणजे सामान नाही, नेपथ्य म्हणजे जागा," हर्षाताई पहिल्याच दिवशी म्हणाली. आमच्याकडे सामान नव्हतंच, त्यामुळे हे तत्त्व सगळ्यांना लगेच पटलं.

आईनं घरी विचारलं, "बोलाचं काय आहे रे अनुप तुले?"

"करकर," मी सांगितलं.

तालीम व्हायची मैदानात. मैदानाच्या एका अंगाला सडक, दुसऱ्या अंगाला बोडी, म्हणजे आमचा छोटा तलाव. हर्षाताईनं चुन्यानं जमिनीवर नऊ चौकोन आखले आणि शिकवायला सुरुवात केली. "हा रंगमंच. नटाचा डावा तो डावा. प्रेक्षकाले तो उजवीकडे दिसते."

चंद्रकलाकाकूंनी हात वर केला. अंगणवाडीत त्या इतरांना करायला लावतात, आज स्वतः केला. "मंग खरा डावा कोनाचा?"

"मंचावर नटाचाच धरायचा, काकू."

"अन् पब्लिकचा खोटा?"

"त्यांचा त्यांच्यासाठी खरा."

"म्हंजे दोघंही खरे अन् दोघायचं जमत नाही. नवरा-बायको म्हन ना सरळ."

हर्षाताईनं तो विषय सोडला आणि दुसरा घेतला, तो जास्त वाईट निघाला. "मागं जाणं म्हणजे वर. प्रेक्षकांकडे येणं म्हणजे खाली. शालू, वर जा."

शालू निमूट शाळेच्या ओट्यावर चढून उभी राहिली.

"अवं, तिथं कायले गेली?"

"तूच तं म्हटलं वर जा."

आठ दिवस असंच चाललं. मी दार असल्यामुळे मला कुठेच जायचं नव्हतं, म्हणून दिग्दर्शनाच्या दृष्टीनं माझी प्रगती सगळ्यांत चांगली होती. शेवटी हर्षाताईनं पुस्तकातले डावे-उजवे, वर-खाली सगळे बाद केले. "आता ऐका. पब्लिक सडकेकडे बसन. तोंड नेहमी सडकेकडे. मागं जायचं म्हणजे बोडीकडे. एका बाजूनं मोहाचं झाड, एका बाजूनं पाण्याची टाकी. काकू, टाकीकडून या, मोहाकडे जा. अन् काही झालं तरी पब्लिकले पाठ दाखवायची नाही. बोडीकडे जायचं असलं तरी तोंड सडकेकडे ठेवून मागं मागं जायचं."

त्या क्षणापासून नाटक उभं राहिलं. चंद्रकलाकाकू टाकीकडून अशा यायच्या, की जन्मभर तिकडूनच येत असाव्यात. शालू रागावून मोहाकडे जायची. दोघी मागं मागं बोडीकडे सरकायच्या, एकदाही न अडखळता. हर्षाताई म्हणाली, "आमच्या सरांनी हे ऐकलं तर डिग्री परत मागतील. पन जमून राहिलं."

मग वाघ आला. म्हणजे आला की नाही ते माहीत नाही. बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पंजे उमटलेले दिसले. वनरक्षकानं वाकून पाहिलं आणि सांगितलं, "हा वाघ नसावा. पन असू शकते." एवढ्या स्पष्ट शब्दांत सांगितल्यावर समितीनं रात्रीचं नाटक रद्द करून ते दुपारी चारवर आणलं. वाघाला दुपारी नाटक पाहायची सवय नसते, असं केशवरावांचं मत पडलं.

दुपारी चार म्हटल्यावर ऊन आलं. आणि ऊन म्हटल्यावर बंटीभाऊ आला.

बंटीभाऊ आमचा मंडपवाला. लग्न असो की मयत, तो तोच शामियाना उभारतो, फक्त झालर बदलतो. त्यानं सकाळी मैदानात उभं राहून पाहिलं. चार वाजता सूर्य बोडीकडे कललेला असणार. सडकेकडे बसलेल्या पाहुण्यांच्या सरळ डोळ्यांत जाणार. बंटीभाऊ मनाचा मोठा. त्यानं कोणाला न विचारता सगळंच फिरवलं. खुर्च्या बोडीकडे लावल्या. दर्शनी पडदा बोडीकडे लावला. मागचा पडदा सडकेकडे टांगला. त्याच्यावर कारंजं उडणारा राजवाडा रंगवलेला होता, कारण बंटीभाऊकडे मागचा पडदा तेवढा एकच आहे. पाहुण्यांचा सोफा त्यानं मंचाला अगदी खेटून ठेवला, म्हणजे आमदारांना नीट दिसावं. आमदार आले नाहीत. सोफ्यावर केशवराव एकटेच बसले, सत्काराचा झेंडूचा हार गळ्यात घालून.

आम्ही शाळेत रंगभूषा करत होतो. शालू पार्लरवाली असल्यामुळे ती फार लांबली. चार वाजता मोहाच्या बाजूनं मंचावर चढलो, तेव्हा कनातीमुळे खुर्च्या दिसत नव्हत्या आणि दोन्हीकडे पडदे बंद. सडकेकडच्या पडद्यावर राजवाडा दिसला. मला वाटलं, बंटीभाऊनं यंदा हौसेनं दर्शनी पडदाच रंगवून आणला. मी सडकेकडे तोंड करून दार झालो.

घंटा वाजली. पडदा उघडला. मागचा.

माझ्या मानेवर ऊन आलं. समोरचा राजवाडा जागचा हलला नाही. मला वाटलं, अडकला असेल, उघडेल. दार काही बोलू शकत नाही. तेवढ्यात चंद्रकलाकाकू ठरल्याप्रमाणे टाकीकडून आल्या, सडकेकडे तोंड केलं आणि कारंज्याला उद्देशून म्हणाल्या, "हे घर माह्या सासऱ्यानं बांधलं!"

कारंजं उडत राहिलं. मागून केशवरावांचा आवाज आला, "टोंड इकडे करा वो, बाई!"

काकूंना हर्षाताईनं बजावलं होतं, काही झालं तरी भूमिका सोडायची नाही. त्या कारंज्याला म्हणाल्या, "पाहा, शेजारी आत्ताच कसे टोकून राहिले!"

शालू आली. तीही राजवाड्याशी भांडायला लागली. प्रेक्षकांना दोन अंबाडे आणि एक दाराची पाठ एवढंच दिसत होतं. खुर्च्या करकरायला लागल्या. जे काम माझं होतं. मागून कोणीतरी ओरडलं, "कंपनीच बरी होती बे!"

मोहाच्या आडोशाला हर्षाताई उभी होती. तिला सगळं एकदम समजलं. तिचा चेहरा मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. त्यात पूर्ण मेडिकल दिसत होतं, काचेच्या काउंटरसकट. ती कशीबशी कुजबुजली, "फिरा! बोडीकडे! बोडीकडे!"

आता, बोडीकडे म्हणजे काय, हे आम्हाला महिनाभर घोटून शिकवलेलं होतं. दोघी जावा सडकेकडे तोंड ठेवून, भांडत भांडत, मागं मागं बोडीकडे निघाल्या. एकदाही न अडखळता. शालू मंचाच्या कडेला टाचेवर थांबली. काकू थांबल्या नाहीत. मंच संपला, काकू चालू राहिल्या, आणि आमदारांच्या रिकाम्या जागी, केशवरावांच्या शेजारी, सोफ्यावर जाऊन बसल्या. बसल्या बसल्या त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं, "आता इथून मी हलनार नाही!"

गाव हसलं. पाळण्यात बसलेले लोकही वरून हसले. पण हे हसणं नाटकाला नव्हतं, आम्हाला होतं, आणि त्यातला फरक कळायला हर्षाताईला नागपूरहून शिकून यावं लागलं नव्हतं. मग तिनं बोडीकडे पाहिलं. पाण्यावर ऊन सांडलं होतं, पाळीवर बगळे बसले होते. मग तिनं राजवाड्याकडे पाहिलं.

"बंटीभाऊ, राजवाडा काढ."

"कायले? नवीन आहे तो!"

"काढ म्हटलं नं!" आणि तिनं स्वतःच दोऱ्या सोडल्या. कारंज्यासकट राजवाडा खाली आला. पलीकडे सडक, जिलेबीचं दुकान आणि एक थांबलेली एसटी दिसली. हर्षाताईनं माईक घेतला. "मंडळी, आपापली खुर्ची उचला अन् सडकेकडे या. नाटक तिकडून आहे."

आणि गाव निघालं. म्हातारे खुर्च्या डोक्यावर घेऊन, बाया लेकरं अन् जिलेबी सांभाळत, मंचाला वळसा घालून. एसटीचा ड्रायव्हरही खिडकीतून सरसावून बसला. एवढा वेळ जावांनी भांडण थांबवलं नाही. काकू पुन्हा मंचावर चढल्या होत्या. संहितेत नव्हती ती सगळी वाक्यं तेव्हा आली.

"दार तुह्यं, तं कडी माही!"

"कडी ने! उंबरठा माहा. माह्या उंबरठ्यावर पाय ठेवजो नोको, उडी मारून ये!"

"मारतो उडी! तुह्यासारखे गुडघे नाहीत माहे!"

खरं म्हणजे काकूंचेच गुडघे दुखतात. पण त्या दिवशी दुखले नाहीत.

गाव सडकेकडे बसलं आणि सूर्य, बंटीभाऊनं ताडलं होतं तसा, सरळ सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. सगळ्यांनी कपाळाला आडवा हात लावला. मंचावरून आम्हाला असं दिसलं, की अख्खं गाव आम्हाला सलाम करत आहे. शालूची मान अशी ताठ झाली, की तिचा आवाज पार आंधळगावला गेला असेल. मीही जास्त चांगला दार झालो.

एकच माणूस जागचा हलला नव्हता. केशवराव. सोफा उचलणं शक्य नव्हतं आणि अध्यक्ष साध्या खुर्चीवर बसत नाहीत. ते बोडीकडेच राहिले, पाण्याला पाठ करून, एकटे, गळ्यात झेंडूचा हार घालून. सडकेकडून पाहणाऱ्याला मंचाच्या मागं बरोबर मधोमध एक हार घातलेला म्हातारा दिसत होता.

"तो मेलेला सासरा," एक बाई शेजारणीला म्हणाली. "कसा हुबेहूब बसवला पाहा."

तासाभरात, नाटक शेवटाला येईपर्यंत, ही गोष्ट गावभर पसरली आणि काकूंच्या कानावर आली. त्या मागं वळल्या. पहिल्यांदाच जाणूनबुजून, हर्षाताईची आज्ञा मोडून, त्यांनी पब्लिकला पाठ दाखवली आणि हात जोडून विचारलं, "सांगा मामाजी, दार कोनाचं?"

केशवरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "मले म्हनता?"

"हव, मामाजी. तुमाले जाऊन किती वर्षं झाली, तरी आमचं भांडन मिटलं नाही."

"मी मेलो का?" केशवराव उठून उभे राहिले.

"मेले तं! तुमचं धोतरही वाटलं आमी."

"मले कोनी सांगतलंच नाही!"

गावातल्या हशानं बगळे उडाले. केशवराव मात्र हसले नाहीत. त्यांनी गळ्यातला हार चाचपला, मागं बोडीकडे पाहिलं, मग दोन्ही जावांकडे. किराणा दुकानाच्या आवाजात नाही, कुठल्यातरी दुसऱ्याच आवाजात म्हणाले, "दार कोनाचंही राहू द्या. पन लावू नोका वो. मले येनं-जानं कराचं असते."

शालू रडायला लागली. संहितेत तिला हसायचं होतं. मला करकर करायची होती, तीही झाली नाही. मी फक्त एका अंगावर वळलो आणि उघडलो. माझ्या बाजूनं मोकळ्या झालेल्या जागेत केशवराव होते, आणि त्यांच्या खांद्यामागं सूर्य नेमका तेव्हाच बोडीत उतरला. पाणी लाल झालं. कपाळावरचे सगळे हात खाली आले आणि टाळ्या वाजवायला लागले. गाव उभं राहिलं. हर्षाताईचे बाबा तर खुर्चीवर उभे राहिले.

"मेडिकलात दुसरा कोनी पाहा म्हनावं मामाले," ते शेजाऱ्याला सांगत होते.

केशवरावांनी समितीची बैठक तिथंच, सोफ्यावर घेतली. हजर सभासद एक. ठराव एकमतानं मंजूर. पुढच्या वर्षी नाटक हर्षाचंच. अट एवढीच, की त्यांना पुन्हा मेलेलं ठेवावं, संवाद वाढवावेत, आणि सूर्य असाच त्यांच्या वाक्यावर बुडावा.

"संवाद वाढले तं वाक्य उशिरा येईल, काका," हर्षाताई म्हणाली. "सूर्य कसा थांबन?"

"अर्ज देऊ नं," केशवराव म्हणाले. "अनुप, लिही गा."

प्रति, मा. तहसीलदार साहेब. विषय: सूर्यास्ताच्या वेळेत बदल करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, आगामी मंडईच्या दिवशी मौजे आमच्या गावच्या बोडीत होणारा सूर्यास्त हा श्री. केशवराव (मयत) यांचे शेवटचे वाक्य संपेपर्यंत तहकूब ठेवणेत यावा, वाक्य विसरल्यास त्यास योग्य ती मुदतवाढ देणेत यावी, टाळ्या पडल्यास तो पुन्हा एकदा करून दाखविणेत यावा, आणि तशा लेखी सूचना संबंधित सूर्यास आपले स्तरावरून निर्गमित करणेत याव्यात, ही नम्र विनंती.