सरूच्या ताटावर

सरू जाऊन वर्ष उलटलं, तरी तिचे हुकूम काही थांबले नव्हते. आता हेच बघा. पितृपंधरवडा लागला आणि दुसऱ्याच सकाळी सरूच्या मुलाचा, विश्वजीतचा, दौंडला सुलक्षणाबाईंना फोन आला.

"मावशी, नवमीला आईच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची हाय. तुम्हीच यायचं. आईनं सांगून ठेवलं व्हतं."

"कवा सांगितलं?"

"दवाखान्यात असताना. म्हणली, माझ्या ताटावर सुलीच बसली पायजे, दुसरी कुणी न्हाई."

सुलक्षणाबाईंनी फोन ठेवला आणि कणकेच्या परातीत मूठ आपटली. मरणाच्या दारात पडलेल्या बाईला स्वतःच्या नवमीचं आवतण सुचतं! आणि जिला बसवायचं तिला विचारायची पद्धत नाही. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी सवाष्ण बसवतात, तिला कुंकू लावून, खण देऊन पोटभर जेवू घालतात. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली. रीत सुलक्षणाबाईंना ठाऊक नव्हती असं नाही. पण सरूच्या जागी बसून जेवायचं म्हणजे सरू आता यायची नाही, हे स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं. ते त्यांना मुळीच करायचं नव्हतं.

"नगं वाटत आसल तर न्हाई म्हण की," पोपटराव, त्यांचे रेल्वेतून रिटायर झालेले यजमान, पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"तुम्हाला कुणी इचारलंय?"

दोघी मैत्रिणी पाटसच्या, एका आळीतल्या. सरूच्या आईनं दोघींना एकाच चुलीपुढं बसवून भाकरी थापायला शिकवली. पुढं एक दौंडच्या रेल्वे कॉलनीत पडली, दुसरी शिरूर तालुक्यात न्हावऱ्याजवळच्या वस्तीवर. पण चैत्रातल्या कुरडया आणि दिवाळीचा फराळ दोघींनी कायम एकत्र केला. एकत्र म्हणजे कसं, तर चुलीवरचा चीक घामाघूम होऊन हाटायचा सुलक्षणाबाईंनी आणि कमरेवर हात ठेवून खोड काढायची सरूनं. गुठळी झाली. जाळ वाढव. मीठ कमी हाय. मीठ तर सरूला कशातही कमीच लागायचं. अमृत वाढलं असतं तरी पहिल्या घासाला ती म्हणाली असती, मीठ कमी हाय. आणि मग तेच ताट बोटानं पुसून चाटलं असतं.

ह्यामागं तिचं एक शास्त्र होतं. तोंडावर कौतुक केलं की करणारणीला दृष्ट लागते, तिचा हात बिघडतो. म्हणून पदार्थ जितका फक्कड, तितकं त्याला आधी नाव ठेवायचं आणि मग मुकाट्यानं हादडायचा. सुलक्षणाबाई ह्या शास्त्राला सरावलेल्या होत्या. "कमी हाय तर वरनं घे आन् गप गीळ," असं त्या खुशाल म्हणायच्या. पण सून म्हणून आलेली मोनिका पिंपरीत वाढलेली. तिला हे शास्त्र कोण सांगणार? ती बिचारी रोज रांधायची, रोज सासूच्या तोंडाकडं बघायची आणि रोज ऐकायची, मीठ कमी हाय.

आणि जेवण उरकलं की सरू अंगणात जाऊन दौंडला फोन लावायची. "सुले, पोरीनं आज दोडक्याची आमटी केली व्हती. आगं, माझ्या आईची आठवण झाली. लई गुणाचा हात."

"मग तिला सांग की! मला काय सांगतीस?"

"तिला सांगून हात बिघडवू व्हय?"

ह्यावरून दोघींची किती भांडणं झाली त्याला गणती नाही. दवाखान्यात शेवटची भेट झाली, तेव्हाही सुलक्षणाबाईंनी तेच टुमणं लावलं. मोनिका डबा घेऊन दाराबाहेर उभीच होती. पण सरू कसली ऐकतेय! "घरी गेल्यावर सांगते," म्हणाली. "हितं सांगितलं तर पोरीला वाटंल, म्हातारी चालली." घरी ती गेलीच नाही.

निरोप मात्र सुलक्षणाबाईंच्या गळ्यात पडला. त्यांनी दोनदा फोनवर सांगून बघितलं. मोनिकानं दोन्ही वेळा मधेच तोडलं. "ऱ्हाऊ द्या मावशी. गेलेल्या माणसाच्या नावानं सगळी चांगलंच बोलत्यात."

नवमीला त्या न्हावऱ्याच्या स्टँडवर उतरल्या, तर विश्वजीत मोटरसायकल घेऊन आला होता. वस्तीच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं मान न वळवता सांगितलं, "मावशी, आजचं एवढं झालं की उद्यापास्नं डबा लावतोय. मेसचा."

"कुणाच्या घरी?"

"आमच्याच. मोनिका म्हणती, माझ्या हाताला चव न्हाई. आईला कवा पटलं न्हाई, तर आता कुणासाठी करू? आजचा नैवेद्य शेवटचा."

"आन् तू काय म्हणलास?"

"मी काय म्हणणार? माझं दोन्ही टायमाचं कंपनीच्या कँटीनात असतंय."

घरची ज्वारी, घरची बाजरी, दावणीला गाय, आणि भाकरी विकतची येणार! सुलक्षणाबाईंच्या मनात ह्या पोराच्या डोक्यात एक टपली हाणायचं आलं, पण गाडी तोच चालवत होता.

घरात मोनिका पहाटेपासून राबत होती. अळूच्या वड्या, भोपळा, गवार, आमटी, कढी, खीर. नैवेद्याचं रांधताना चाखून बघायचं नसतं, त्यामुळं सगळा मामला अंदाजाचा. ओसरीवर सरूचा नवरा गेणबा बसला होता आणि त्याच्या शेजारी, का कोण जाणे, दह्याचं हे एवढं मोठं वाडगं होतं.

तिथंच रांगोळी काढून पाट मांडला होता. मोनिकानं कुंकू लावलं, ओटीत खण घातला आणि सरूचं रोजचं ताट वाढून पुढं ठेवलं. सुलक्षणाबाई जीव घट्ट करून बसल्या. पहिला घास आमटीभाताचा.

तो घास त्यांनी कसा गिळला त्यांचं त्यांना माहीत. आमटी कसली, नुसतं मीठ! त्यांनी घाईनं कढीचा भुरका मारला, ती खारट. भोपळा खारट, गवार खारट, वडीनं तर जीभ सोलली. त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि घरच्या पुरुषांकडं बघितलं. विश्वजीतनं मोबाईलमधे डोकं घातलं होतं आणि गेणबा आढ्याकडं बघत होता.

मोनिका समोर उकिडवी बसली होती. "मीठ पुरतं का वो, मावशी?"

"का गं?"

"आत्या कायम कमी म्हणायच्या. मी वाढवत गेले. त्या असताना काय मला मेळ बसला न्हाई. त्या गेल्यावर बी म्हणलं, एकदा तरी त्यांच्या मनासारखं जमू दे, म्हणून वाढवतच ऱ्हायले. माझी जीभ तर सरावली. मामांना इचारलं तर म्हणतात बरं हाय. खरं कोण बोलतंच न्हाई."

सुलक्षणाबाईंचं डोकं सणकलं. "दाजी, बरं हाय?"

गेणबा चुळबुळला. "आता ती सरूचं नाव घिऊन टाकतीय मीठ. पोरगी दुखात हाय, म्हणलं कशाला बोला. दही घेतो जरा जास्त."

दही घेतो! वर्षभर बाप्या दही कालवून खारट गिळतोय, मुलगा कँटीनमधे पळतोय, आणि ही पोरगी एका मेलेल्या बाईच्या जिभेमागं मूठमूठ मीठ घेऊन धावतेय. सरू आत्ता समोर असती तर सुलक्षणाबाईंनी तिला धरून गदागदा हलवली असती. तुझं शास्त्र जळो मेलं! ज्या हाताला जपत होतीस तोच हात बिघडवून गेलीस की गं, भवाने. संताप इतका झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मोनिकाला वाटलं वडी तिखट झाली.

त्या घरची एक रीत होती. जेवण आटोपताना घरच्या बाईनं हात जोडून विचारायचं आणि ताटावर बसलेलीनं जे सांगायचं, ते गेलेलीचं म्हणून ऐकायचं. त्या उत्तरावर नंतर कुणी वाद घालत नसे.

मोनिकानं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. "आत्या, पोट भरलं का? काय ऱ्हायलं का?"

भरलं म्हणून उठलं की सुटलो. उद्या इथली चूल बंद. सुलक्षणाबाईंनी ताटाकडं बघितलं. सुलक्षणा म्हणून सांगायला गेल्या की पोरगी मानत नाही. पण आत्ता ह्या पाटावर सुलक्षणा नव्हतीच.

"ऱ्हायलं," त्या सरूसारखा आवाज चढवून म्हणाल्या. "मीठ लई झालंय. आधी बरोबर व्हतं."

मोनिकाचे जोडलेले हात तसेच राहिले. "आधी म्हंजी कवा?"

"ह्या घरात पहिली आमटी केलीस तवापास्नं. रोज बरोबर व्हतं."

आता ही रडणार, म्हणून सुलक्षणाबाईंनी पदर सावरला. पण मोनिका रडली नाही, ती भडकली.

"मग सांगायला काय झालं व्हतं? सहा वर्षं, आत्या! सहा वर्षं रोज तुमच्या तोंडाकडं बघत बसायची मी. एक दिवस तरी म्हणायचं, एक दिवस!"

ती सुलक्षणाबाईंकडं बघत होती आणि सुलक्षणाबाईंशी बोलत नव्हती. विश्वजीतनं मोबाईल खाली ठेवला. सरूचं उत्तर सुलक्षणाबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. हात बिघडतो म्हणून न्हाई सांगितलं. सरू असती तर ठणकावून हेच म्हणाली असती, वर आणखी चार शब्द सुनावले असते. उभ्या जन्मात माघार कशी घ्यायची हे त्या बाईला ठाऊक नव्हतं. आणि ती माघार घ्यायचं कामही आता मैत्रिणीच्याच गळ्यात घालून गेली होती.

"चुकलं माझं, पोरी," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

मोनिकानं पदरानं नाक पुसलं आणि पुढ्यातलं ताट ओढून घेतलं. "उठू नका. आमटी दुसरी टाकते."

"आगं, आता?" विश्वजीत म्हणाला. "आन् मेसवाल्याला उद्याचं..."

"त्याला नगं म्हणून सांगा," ती आतून म्हणाली, आणि डाळ धुवायला घेतली.