शिव्या खाऊन उगवलेलं झाड

आत्याच्या अंगणात अख्खी गल्ली जमली होती आणि हात जोडून एका कुंडीतल्या वाळक्या दांड्यांकडे बघत होती.

कुंडीत शोभेचं आलं होतं. खायचं नव्हे, फुलांचं. पावसाळ्यात त्याला लालभडक कणसांसारखी फुलं आली, तेव्हा आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायची. थंडी पडली तशी पानं पिवळी झाली आणि दांडे आडवे पडले. त्याच वर्षी घरात नवी सून आली होती. गल्लीने दोन अधिक दोन केले आणि उत्तर काढलं बावीस.

मग मौनी महाराज आले. यांचं मौन असं की समोरच्याला तोंड उघडायला फट सापडू नये. त्यांनी कुंडीला कान लावला आणि झाड कण्हतंय असं जाहीर केलं. बाहेरून आलेल्या बाईची सावली पडलीय. तिला माहेरी धाडा, कुंडीत रोज मंतरलेलं दूध घाला. ऊन तापलं की झाड उठेल. उठलं तर सून आणा, नाही उठलं तर विसरा तिला.

माझा आतेभाऊ, म्हणजे त्या सुनेचा नवरा, त्या वेळी वाकून चपलेचा पट्टा नीट करत होता. पट्ट्याला काही झालं नव्हतं.

वहिनी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. तिने बॅग भरली. आत्या आत गेल्यावर कुंडी उकरली, मुळाशी असलेला गड्डा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"दाबून बघा, भावजी. मेलेलं इतकं घट्ट असतं का?"

गड्डा टणक होता, आल्यासारखा वास येत होता. तिने सुरीने त्याचे दोन भाग केले. अर्धा परत कुंडीत पुरला, अर्धा मला दिला. तिच्या प्रयोगशाळेत नमुन्याचा एक भाग नेहमी बाजूला ठेवतात म्हणे, उद्या वाद झाला तर परत तपासायला. हा कोरडा ठेवायचा, ऊन तापलं की भुसभुशीत मातीत वरवर लावायचा आणि कोंब दिसेपर्यंत जेमतेम पाणी घालायचं.

मला मंत्र येत नाही, मी म्हटलं.

"मग शिव्या द्या," ती म्हणाली आणि गेली.

मी आज्ञाधारक माणूस. जिन्याखाली कोरडा ठेवलेला गड्डा काढून लावला तेव्हापासून, महाराजांसाठी राखून ठेवलेल्या सगळ्या शिव्या रोज सकाळी कुंडीला वाहिल्या. तिकडे आत्याच्या कुंडीला घराघरातून दूध येत होतं. भक्तीला काही कमी नव्हतं.

ऊन तापलं. माझ्या कुंडीत बोटभर कोंब आले. आत्याच्या कुंडीत माश्या आल्या.

महाराज पुन्हा कान लावून बसले. सावली फार दाट आहे, सून कायमची सोडा, म्हणाले. आत्याने पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात मी वहिनीला घेऊन आलो, माझी कुंडी कडेवर. एकाच गड्ड्याचे दोन भाग केल्याचं मी सगळ्यांना सांगितलं. वहिनीने आत्याची कुंडी ओतली. आतून आंबलेला काळा चिखल निघाला. नाकं आपोआप झाकली गेली.

ती म्हणाली, थंडीत हे झाड झोपतं आणि ऊन तापलं की आपलं आपण उठतं. महाराजांनी मुदत काय उगाच दिली नव्हती. झोपलेल्याला रोज भिजवलं की ते कुजतं. महाराजांचा चमत्कार भक्तांनीच बुडवला होता.

महाराज डगमगले नाहीत. आमचीच कृपा त्या कुंडीत गेली, म्हणाले.

"बरं," वहिनी म्हणाली. "तो तुकडा मीच कापला, माझ्याच हाताने. तुमची कृपा माझ्या हाताला घाबरली नाही. मग सासूबाईंनी का घाबरायचं?"

महाराजांनी त्या दिवशी पहिल्यांदा खरं मौन पाळलं.

आत्याने नाकावरचा पदर काढला. मग लेकाला म्हणाली, "पट्टा झाला असेल नीट तर बायकोची बॅग आत ने." आणि सुनेला म्हणाली, "हात धू आधी. मग मला हे कसं लावायचं ते दाखव."

बाबांनो, पान वाळलं तर माती उकरून बघा, गड्डा दाबून बघा, थंडीत पाणी तोडा. एवढं करायला फक्त बोटं लागतात. बोटं असूनही जो आधी घरातल्या बाईकडे दाखवतो, त्याच्यासाठी माझ्याकडे शिव्या शिल्लक आहेत. आणि त्या शिव्यांनी झाडं उगवतात, हे गल्लीने पाहिलंय.